धुरपताबाईची पालथी नाव

परभणीच्या आमच्या घरात लिंगपूजा केल्याशिवाय कुणी भाकरीला हात लावलेला मी पाहिला नाही. माझे वडील चंद्रप्पा धान्याचे अडते. दुकानात गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो, ते आधी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेणार, बेल वाहणार आणि मगच जेवणार. लहानपणी मी त्यांना एकदा विचारलं होतं, लिंग हरवलं तर काय करायचं? ते म्हणाले, "मग जेवायचं नाही. ते सापडेपर्यंत, नाहीतर मठातले स्वामी दुसरं बांधेपर्यंत." एवढं सांगून ते तुरीचं माप घालायला लागले. त्यांच्यापुरता विषय तिथे संपला.

माझ्यापुरता तो तेराशे पन्नास फसलीत सुरू झाला, म्हणजे इंग्रजी एकेचाळीस साल नुकतंच लागलं होतं तेव्हा. गोदावरीच्या मधोमध वाळूच्या बेटावर मी तीन दिवस उपाशी बसलो, आणि त्याला कारण माझं स्वतःचं तोंड. हा उपास मी पुढे पुष्कळ जणांना ऐकवला. ऐकणारे हळहळायचे, मलाही बरं वाटायचं. पण खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांची गोष्ट माझी नाही, धुरपताबाई भोयिणीची आहे. मी तिच्यात नुसता उतारू होतो, आणि तोही फार चांगला नव्हे.

तेव्हा मी चुडाव्याच्या तहतानिया मदरशात मास्तर होतो. तहतानिया म्हणजे चौथीपर्यंतची शाळा. शिकवायचं उर्दूत आणि पोरं रडायची मराठीत. त्या साली मर्दुमशुमारी निघाली आणि माणसं मोजायच्या कामाला सरकारने मास्तरांना जुंपलं. जुन्या मास्तरांनी बाजाराची, देवळाजवळची सोयीची घरं वाटून घेतली. मी सगळ्यांत नवा, तेवीस वर्षांचा, म्हणून माझ्या वाट्याला थडी बोरगावच्या खालचं भोयांचं बेट आलं. मला पाण्याची भीती वाटते हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरामागे आड होता आणि पाण्याशी माझी ओळख पोहऱ्यापुरतीच होती.

थडीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पौषातली गंगा, निवळ आणि हिरवी. पलीकडे बेट आणि त्यावर पऱ्हाटीच्या कुडाच्या दहा-बारा झोपड्या. काठाला नाव लागली होती. नावेत कासोटा घातलेली, हाडापेराने मजबूत अशी पन्नाशीची बाई बांबू धरून उभी होती.

"नाववाला कुठं गेला?" मी विचारलं.

"मीच हाय की. बसा."

"बाईमाणूस नाव चालवतं?"

"नावंला कुठं कळतंय बाई का बाप्या," ती म्हणाली. "बसा मास्तर, ऊन व्हायलंय."

मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखलं, असं मला वाटलं. पुढे कळलं, काखेत दफ्तर आणि चेहऱ्यावर राग घेऊन थडीवर येणारा माणूस एक तर मास्तर असतो नाहीतर पोलिसांचा अमीन, आणि अमीन घोड्यावर येतो.

ही धुरपताबाई नऊ वर्षांची असताना नांदेडच्या खालच्या एका घाटावरून लग्न होऊन इथे आली होती. वऱ्हाड नावेतून आलं, म्हणून तिला माहेरची वाट म्हणजे पाण्याचीच वाट वाटे. नवरा पटकीच्या साथीत गेला. दीर भुजंग म्हणाला, नाव बाईला झेपायची नाही, आपण दुसरा माणूस बघू. तो बघेपर्यंत दहावं उलटलं. अकराव्या दिवशी पलीकडच्या थडीवरून कुणीतरी हाका मारायला लागलं, भुजंग मासळीला गेलेला, तेव्हा हिने बांबू उचलला आणि गेली. त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि दुसरा माणूस बघायचं भुजंगाच्या अजून डोक्यात होतं.

मी नावेत बसलो. दफ्तर पोटाशी धरलं. नाव निम्म्या पाण्यात आली आणि एका ओढीला लागून जरा कलली. जरा म्हणजे किती, ते आता मला कळतं. तेव्हा मला वाटलं आता झालं. मी ताडकन उभा राहिलो.

"उभं राहू नका," असं म्हणत तिने एका हाताने बांबू रोवला आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या छातीवर ठेवून मला खाली दाबलं. तो हात ओला होता, त्याला मासळीचा वास होता आणि तो नेमका माझ्या लिंगाच्या करंड्यावर पडला होता. करंडा म्हणजे चांदीची छोटी डबी. तिच्यात लिंग असतं आणि ती दोऱ्याने गळ्यात बांधलेली असते.

मी ओरडलो, "हात लावू नको! लिंगाला हात लावू नको!"

तिने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. तिचा आधार सुटला तसा मी मागे झुकलो, करंड्याचा दोरा नावेच्या काठावरच्या खुंटीत अडकला आणि तुटला. चांदीची डबी एकदा उन्हात चमकली आणि पाण्यात गेली. मी मात्र नावेतच पडलो. जो जायचा तो राहिला आणि जे राहायचं ते गेलं.

धुरपताबाईने बांबू रोवून नाव धरली. डबी पडली त्या जागी ती नुसती बघत राहिली. मग जागा मनात धरायला तिने एकदा मागच्या थडीवरच्या बाभळीकडे बघितलं, एकदा बेटाच्या टोकाकडे, आणि नाव हाकून बेटाला लावली. मला हात न लावता, बांबू पुढे करून उतरवून घेतलं. मग तिने भुजंगाला आणि आणखी दोघांना हाक मारली. चौघांनी मिळून नाव वाळूवर ओढली आणि उलटी केली. तळ वर, तोंड वाळूत.

मला वाटलं, नाव गळत असेल. भुजंग माझ्याजवळ येऊन बसला. पांढऱ्या मिशांचा, अंगाने वाळलेला, बोलायची हौस असलेला म्हातारा.

"मास्तर, भोयाच्या नावंतून उतारूची वस्तू गंगंत गेली का नाव पालथी," तो म्हणाला. "वस्तू घावंल तवाच ती सरळ करायची. न्हाईतर धन्यानं सवताच्या तोंडानं म्हनावं, 'गंगंला दिलं.' तवर नाव पान्यात घालायची न्हाई. आमच्या आज्या-पंज्यापासून हाय हे."

"आणि मी परत कसा जाऊ?"

"सांगड हाय की." त्याने बोट दाखवलं. दोरीने एकत्र बांधलेले पाच-सहा वाळके दुधी भोपळे. भोई त्यांच्यावर पोटावर पडून हातापायांनी पाणी मारत जातात. भोपळा घरावर वेल चढवून वाढवायचा, देठालाच सुकवायचा, चुलीच्या धुरात वर्षभर टांगायचा, मग तो पाण्यात दगा देत नाही, असं भुजंगाने मला समजावून सांगितलं. मी सांगडीजवळ गेलो, एक पाय टाकून बघितला आणि परत येऊन वाळूवर बसलो. भुजंग तोंडात खांद्यावरचा गमजा कोंबून हसला.

माझी स्थिती अशी झाली. लिंग नाही म्हणून जेवता येत नाही. दुसरं मिळवायला मठात जायचं तर पाणी ओलांडायला हवं. नाव तर माझ्यामुळेच पालथी. आणि नाव सरळ करायची तर मला माझ्या तोंडाने लिंग सोडलं असं म्हणावं लागणार. पाणी प्यायलेलं चालतं की नाही हे मला पक्कं माहीत नव्हतं. चालतं, असं मी माझ्या सोयीने ठरवलं.

त्या दिवशी धुरपताबाईने संध्याकाळपर्यंत बुड्या मारल्या. पौषातलं पाणी. बाहेर यायची, वाळूवर उन्हात पालथी पडायची, अंगातलं कापरं थांबलं की पुन्हा जायची.  मी सावलीत रागावून बसलो होतो. कुणावर ते मला ठरवता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि चार हात लांब बसली. पदरात वाळवंटातले गोटे होते.

"मास्तर, तुमच्या देवाचं वजन किती?"

"असं वजन करतात होय देवाचं?" मी फणकाऱ्याने म्हणालो.

"गंगा करती," ती म्हणाली. "जड वस्तू ती येगळी ठिवती, हलकी येगळी ठिवती. हरवलेल्या वस्तूमागं तिचा जोडीदार सोडावा लागतो. तसाच, तेवढाच. तो जातो तिथंच ती गेलेली असती."

तिची रीत अशी होती: चिखलाचा गोळा करायचा, हरवलेल्या वस्तूच्या आकाराचा आणि वजनाचा. शेजारच्या चुलीच्या राखेत भाजायचा. त्याला लाल सुताचा लांब धागा बांधायचा आणि वस्तू पडली तिथूनच तो पाण्यात सोडायचा. मग धाग्यामागे बुडी मारून तो कुठे जाऊन थांबतो ते बघायचं. पण जोडीदार नेमका जमला पाहिजे. तोळ्याचा फरक पडला तर गंगा त्याला दुसरीकडेच नेते.

इथे मात्र मी अडत्याचा मुलगा होतो. ताजव्याशिवाय हातावर वजन सांगायचं आम्हाला दुकानात बसवून शिकवलेलं. मी एकेक गोटा डाव्या तळहातावर घ्यायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, "जड," "हलका," "अजून थोडा." रोज सकाळी त्या तळहातावर लिंग घेतलेलं, हाताला ते तंतोतंत आठवत होतं. मी बाजूला केलेला गोटा ती उचलायची आणि तीही डोळे मिटून तोलायची. अर्धा तास आमचं हेच चाललं होतं. शेवटी एक काळा गोटा मी हातावर घेतला आणि मला एकदम रडूच आलं. तिने तो गोटा माझ्या हातातून न घेता वाळूवर ठेवायला सांगितला, मग उचलला आणि म्हणाली, "हा."

तिने चिखलाचे सहा जोडीदार केले. ते भाजेपर्यंत मी सरकारचं काम करावं म्हणून फॉर्म काढले आणि भुजंगाला घेऊन झोपड्या फिरलो. उपाशीपोटी माणसं मोजणं हे वाईट काम आहे. जवळजवळ प्रत्येक झोपडीत काहीतरी शिजत असायचं. मासळी मला चालत नव्हती, तरी भाकरीचा वास सगळीकडे सारखाच असतो. माझ्या फॉर्मात 'राहण्याचं ठिकाण' अशी एक जागा होती. मी विचारलं तर भुजंग म्हणाला, "दसऱ्यापासून मिरगापातूर गंगंत, मिरगापासून दसऱ्यापातूर थडीवर." मी म्हणालो, एकच लिहायचं असतं. तो म्हणाला, "मग गंगंत लिव्हा. थडीवर आमी पाव्हणे असताव."

त्याने मला वाळूत लावलेले टरबुजांचे वेल दाखवले, प्रत्येक वेलाच्या आळ्याला वाऱ्याच्या बाजूने पाचटाचा आडोसा. बायका पागाची, म्हणजे फेकून मासे धरायची, जाळी विणत होत्या. मळ्यातला वाफा कुठला आणि कुणाचा हे जसं शेतकऱ्याला माहीत असतं, तसं नदीचं पाणी त्यांनी आपसांत वाटून घेतलेलं होतं. वरचा डोह या घराचा, खालची धार त्या घराची. मधेच पलीकडच्या थडीवरून कुणीतरी हाक दिली, "नाव आणा वो!" भुजंगाने नुसता पालथ्या नावेकडे हात केला. त्या माणसाने डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि मुकाट्याने खालच्या घाटाकडे चालायला लागला. चार कोस. अशी माणसं मी त्या दिवशी अकरा मोजली. एकानेही शिवी दिली नाही, आणि त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी सांगडीवरून पहिले तीन जोडीदार पाण्यात गेले. दोन खालच्या डोहाकडे, एक बेटाच्या टोकाशी. धुरपताबाई तिन्ही ठिकाणी जाऊन आली आणि रिकाम्या हाताने परतली. ओठ निळे पडले होते. मला ते बघवेना. भुकेने डोकं हलकं झालं होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ती सगळी माणसं, ती अडलेली नाव, चार कोस चालणारे उतारू. मी उठलो आणि पाण्याच्या कडेला गेलो.

"बास झालं," मी म्हणालो. "मी सोडून देतो. गंगेला..."

"मास्तर!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी गप्पच झालो. "पुढं बोलू नका!"

ती माझ्यासमोर आली. अंगावरून पाणी गळत होतं, आणि मी तिला पहिल्यांदाच रागावलेली बघत होतो.

"आमच्या मालकाच्या टायमाला एका कुंभाराच्या सुनेची मंगळसुत्राची वाटी गेली ह्या नावंतून," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सासरचे घाई करायले. पोरीनं म्हनलं, दिलं गंगंला. नाव सरळ झाली. पन ती पोरगी जवा बी नावंत बसायची, त्या जागंला आली का पान्यात बगायची. केस पांढरे झाले तरी बगायची. मालक मरताना म्हनले, त्या पोरीला तसं म्हनू द्यायला नको व्हतं. मी बांबू धरल्यापासून नऊ वस्तू गेल्या, एकानंबी दिलं म्हनलं न्हाई. एका अमीनसाबाची दातांची कवळी गेली, तर नऊ दिस थडीवर बसून कण्या प्याले. पन कवळी घालूनच गेले."

हे सांगताना तिला हसू आलं, आणि मलाही आलं. दोन दिवसांत आम्ही पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं. मला ती बाई तेव्हाच आवडली. आवडली म्हणजे मावशी आवडते तशी. आणि छातीवरचा तो हात मला आठवला, जो मला बुडू नये म्हणून धरत होता.

तिसऱ्या दिवशी तिने उरलेले तीन जोडीदार सोडले. तिन्ही बेटाच्या टोकाशी गेले, एका बुडालेल्या खडकाच्या मागे, आदल्या दिवशीचा एक गेला होता तिथेच. ती एक बुडी मारून आली, दम घेतला, पुन्हा गेली. सूर्य डोक्यावर होता. भुजंग आणि बेटावरची सगळी माणसं वाळूवर गोळा झाली होती. तिसऱ्या बुडीला ती इतका वेळ वर आली नाही की मी पाण्यात घोट्यापर्यंत गेलो, माझ्या नकळत. मग तिचं डोकं वर आलं.

"घावलं!"

सगळ्यांनी आरोळी ठोकली. मी हात पुढे करून उभा राहिलो. ती पोहत काठाला आली आणि उभी राहिली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"कुठं आहे?"

"खडकाच्या कपारीत हाय. तोंड मिटलेलं हाय डबीचं, काय झालं न्हाई तिला," ती धापा टाकत म्हणाली. "बांबू रोवून आले मी जवळ."

"मग आणलं का नाही?"

"तुमी म्हनले व्हते ना, हात लावू नको."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. तिने ते सरकारी हुकमासारखं, जसं ऐकलं तसं पाळलं होतं. ज्या वस्तूसाठी ती तीन दिवस गारठली, ती हाताशी आल्यावर नुसती बघून वर आली होती. आमच्या घरात लहानपणापासून वचनं पाठ करून घेतली होती, शिवापुढे कुणी उंच नाही, कुणी नीच नाही. मला ती तोंडपाठ होती. आणि नावेत माझ्या तोंडून बाहेर काय पडलं, तर ते. लाज लाज म्हणतात ती मला त्या वाळूवर उभं राहून कळली.

"लावा हात," मी म्हणालो. "मी सांगतो. तुम्ही काढा."

तिने मान हलवली. "न्हाई मास्तर. तीन दिसाचा उपाशी मानूस काय बी बोलतो. पोटात भाकर गेली का मग तुमाला वाटंल, भोयिनीनं बाटवलं. मग देव घरात असून बी गेल्यासारखाच. तसं नको."

"मला तसं वाटणार नाही."

"आज न्हाई वाटनार," ती म्हणाली.

मी आणखी काही समजावायला लागलो तेव्हा भुजंगाचा संयम सुटला.

"अवो, काय ते लौकर ठरवा! बाई तीन दिसाची उपाशी हाय!"

मी त्याच्याकडे वळलो. "उपाशी?"

"मग? नाव पालथी असली का नाववाल्याच्या बी चुलीत इस्तू न्हाई. उतारूची वस्तू घावंपातूर त्यानंबी खायचं न्हाई. कवळीच्या टायमाला नऊ दिस पेजेच्या पान्यावर व्हती ही."

"तुमाला कुनी सांगायला लावलं, भाऊजी?" धुरपताबाई त्याच्यावर खेकसली.

तीन दिवस मी सावलीत बसून माझ्या उपासाचं कौतुक करत होतो. वासाला नाक मुरडत होतो. आणि ही त्याच उपासाने बर्फासारख्या पाण्यात बुड्या मारत होती, आणि तिने मला कळूही दिलं नाही. मला स्वतःचा एवढा राग आला की भीतीला जागाच उरली नाही. मी सदरा काढला.

"मला खाली न्या," मी म्हणालो.

"पवता येतं का?"

"नाही."

"दीड पुरुष पानी हाय तिथं."

"बांबू रोवलाय म्हणालात ना? बांबू धरून उतरतो."

ती भुजंगाला म्हणाली, "सांगड आना." ज्या सांगडीवर मी पाय टाकून परत आलो होतो तिच्यावर मी पालथा पडलो, दोन्ही हातांनी भोपळे कवटाळून, डोळे मिटून. एका बाजूने भुजंग आणि दुसऱ्या बाजूने ती, असे आम्ही खडकापर्यंत गेलो. पाणी इतकं गार की छातीतला श्वास छातीतच राहिला. पाण्यातून बांबूचं टोक वर आलेलं होतं. तिने ते माझ्या हातात दिलं.

"तोंड भरून दम घ्या. डोळे उघडे ठिवा. मी संगं हाय. घाबरलं का बांबू सोडू नका, वर चढा."

मी उतरलो. हाताखाली हात घेत, शिडी उलटी उतरावी तसा. कानात दडे बसले. पहिल्यांदा काहीच दिसेना, नुसतं हिरवं. मग ती दिसली, माझ्या शेजारी, पदर कमरेला खोचलेला, एका हाताने खडक धरून. तिने बोट केलं. कपारीत, दोन बोटांच्या फटीत, वाळूत अर्धवट रुतलेली माझी चांदीची डबी होती. तिच्या आजूबाजूला लाल धाग्यांचे जोडीदार येऊन पडले होते.

मला फक्त हात लांब करायचा होता. छाती फुटायला आली होती. मी एका हाताने बांबू धरला आणि दुसऱ्या हाताने डबी न धरता तिचं मनगट धरलं. तिने झटका दिला, पण मी सोडलं नाही. तिचा हात मी कपारीत नेला, डबीवर ठेवला आणि वरून माझा हात दाबून धरला. ती माझ्याकडे बघत होती. पाण्यात बोलता येत नाही हे बरं असतं. मग तिची बोटं मिटली.

वर कसा आलो ते मला आठवत नाही. तिने ओढलं असणार. सांगडीवर पडून मी खोकत होतो, नाकातोंडातून पाणी जात होतं आणि भुजंग पाठीवर थापट्या मारत होता. वाळूवर आलो तसा मी गुडघ्यांवर बसलो. धुरपताबाई समोर उभी होती. डबी तिच्या मुठीत होती आणि ती मूठ तिने अंगापासून लांब धरली होती, जणू ती तिचीच नव्हती.

"घ्या," ती म्हणाली. "घ्या ना मास्तर."

"दोरा तुटलाय," मी म्हणालो.

भुजंगाने जाळ्याचं सूत तोडून आणलं. मी हात पुढे केला नाही. मी मान खाली केली.

"बांधा," मी म्हणालो.

माझ्या मानेवरून पाण्याचे थेंब वाळूत पडत होते तेवढंच मला दिसत होतं. आमच्यात गळ्यात लिंग बांधतो तो गुरू, हे तिला माहीत होतं की नाही कोण जाणे. मला माहीत होतं. मग तिने सूत डबीच्या कड्यातून ओवलं, माझ्या मानेमागे हात नेले आणि गाठ मारायला लागली. गारठलेल्या बोटांनी पहिली गाठ बसली नाही. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, गाठ सोडवली आणि पुन्हा मारली.

मला पहिल्यांदा लिंग बांधलं तेव्हा मी पाळण्यात होतो. कोणत्या स्वामींनी बांधलं, तेव्हा कोण कोण आलं होतं, हे सगळं वडील सांगायचे. मला त्यातलं काहीच आठवत नाही. दुसऱ्यांदा बांधलं ते मला कुणी सांगावं लागत नाही.